शेवटचं कोण?

आमच्याकडे रांगेत उभं राहायची पद्धत नाही. बेकरी असो, पोस्ट असो की बोटीचा धक्का, आल्या आल्या मोठ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" जो असेल तो बोट वर करतो. "मी." झालं. त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि सावली बघून बसायचं. पुढे कुणी आलं आणि विचारलं की आपण बोट वर करायचं. विचारल्यावर गप्प बसणं हा मात्र निव्वळ माजोरीपणा समजतात.

मुर्सिया शहरात माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न मी दिवसातून शंभर वेळा ऐकते. गोळ्या मोजून देणारी बाई आहे मी. भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नाही. माझं नाव फुएनसांता, वय बावन्न, चष्म्याचा नंबर गेली चार वर्षं बदललेला नाही.

हे मी काबो दे पालोसच्या धक्क्यावर बसून लिहितेय. सकाळचे दहा वाजलेत, ऑगस्टचं ऊन मस्त तापलंय, दीपगृह पांढरंशुभ्र दिसतंय. वर्षभरात मला इतका आनंद झाला नव्हता. काल रात्रभर झोपच लागली नाही, सहलीला निघालेल्या शाळकरी पोरीसारखी.

गेल्या ऑगस्टात माझी धाकटी बहीण कारिदाद, आमची कारी, हाम्बुर्गहून परत आली. बारा वर्षं तिथल्या इस्पितळात नर्स होती. या वेळी ती कायमची आली होती, आणि तेही माझ्यामुळे. "ये गं परत, कुणासाठी राहतेस तिकडे," म्हणून बारा वर्षं मीच तिच्या मागे लागले होते. आल्या दिवशीच तिने यादी केली. सात दिवस, सात ठिकाणं. पहिलं दीपगृह, शेवटची पारव्यांची गुहा. लहानपणी आईने त्या गुहेत आम्हाला कधी जाऊ दिलं नव्हतं.

कारीला जन्मापासून घाई. जेवताना घाई, बोलताना घाई. सातव्या महिन्यातच जन्मली, यावरून आई तिला आयुष्यभर चिडवायची.

पहिल्या दिवशी दीपगृहाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा दारापाशी पंधरावीस माणसं पसरली होती. कारीने विचारलं, "शेवटचं कोण?"

भिंतीला टेकलेल्या एका बाईने बोट वर केलं. गवती टोपी, पांढऱ्या ठिपक्यांचा विटका निळा फ्रॉक, अनवाणी पाय. "मी. पण तुम्ही व्हा पुढे. मला काही घाई नाही."

"घाई नाही म्हणे!" कारी माझ्या कानात पुटपुटली. "सुट्टीवर आलीय की संन्यास घ्यायला?"

आम्ही हसलो आणि वर गेलो. वरून एकीकडे मोठा समुद्र, दुसरीकडे खाडीचं उथळ, कोमट पाणी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. कारी टाळ्या वाजवत होती. चाळिशीतली बाई, टाळ्या! मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ला मांगाच्या किनाऱ्यावर पायाने चालवायच्या बोटी घ्यायला गेलो. कारीने विचारलं, आणि त्याच बाईने बोट वर केलं. "मी. पण तुम्ही व्हा पुढे."

"आपली मैत्रीण!" कारी खूश झाली.

तिसऱ्या दिवशी खाडीकाठी औषधी चिखल फासून घेतला. नखशिखान्त काळ्या झालेल्या आम्ही दोघी एकमेकींकडे बघून पोट दुखेस्तोवर हसलो. धुवायला नळापाशी गेलो तर तिथेही ती. तेव्हा मात्र मी तिच्याकडे नीट बघितलं. आदल्या दिवशीच्या जागेपासून हे ठिकाण गाडीने तासाभरावर. दुपारी दोनची फरशी अशी तापलेली की चपला घालूनही चटका बसत होता, आणि ही अनवाणी, निवांत. तिच्या फ्रॉकच्या काठावरून पाणी ठिबकत होतं. थेंब पडताना दिसत होते. खालची फरशी कोरडी होती.

मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. फरशी कोरडीच होती.

नळावरच्या माणसाला मी विचारलं, "आमच्या आधी त्या निळ्या फ्रॉकवाल्या बाई होत्या ना?"

"तुमच्या आधी तो टकला म्हातारा होता," तो म्हणाला. "निळं-बिळं कुणी नव्हतं."

कारीला सांगितलं तर म्हणाली, "ताई, ऊन लागलंय तुला. टोपी घाल." आणि यादीवर तिसरी खूण केली.

चौथ्या दिवशी ती जुन्या रोमन नाट्यगृहाच्या पायऱ्यांपाशी होती. पाचव्या दिवशी जिथे माशाच्या रश्श्यातला भात खायला गेलो त्या खानावळीच्या दारात. कारी टेबल बघायला आत घुसली तेवढ्यात मी धीर करून तिच्याजवळ गेले.

"सगळ्यांना पुढे सोडता. मग तुमची पाळी यायची कधी?"

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे साधेच होते, दमलेले. "मीही विचारते ना," ती म्हणाली. "रोज विचारते. कुणी उत्तरच देत नाही."

तो भात मला गेला नाही. सहाव्या दिवशी आम्ही कालब्लांकेच्या वाळूवर लोळलो, तिथे रांगच नव्हती, म्हणून तीही नव्हती. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला.

सातव्या दिवशी याच धक्क्यावर आलो. बोटवाला हिनेस एका खेपेला बाराच माणसं नेतो. आमच्या आधी दहा होती. कारीने विचारलं, बोट वर केलं ते एका मिशीवाल्या गृहस्थाने. मी इकडेतिकडे बघितलं. निळा फ्रॉक कुठेच नव्हता. कारी त्या गृहस्थामागून, मी कारीमागून. शेवटची मी.

मग मागून अनवाणी पावलं वाजली.

"शेवटचं कोण?"

आवाज अगदी माझ्या खांद्यापाशी होता. मी पिशवीत तोंड घातलं आणि पाण्याची बाटली शोधायला लागले. बाटली माझ्या हातातच होती.

"शेवटचं कोण हो?"

मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

"अगं ताई, त्या विचारतायत ना! कान फुटले का तुझे?" कारी वैतागली. तिला माझी लाज वाटली असावी. तिने स्वतःच बोट वर केलं. "मी आहे. या, बसा."

त्या बाईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "खरंच? तुम्ही?"

"हो हो, मीच," कारी हसत म्हणाली.

हिनेसने माणसं मोजली. बारा. ती बाई धक्क्यावरच राहिली. बोट सुटली तसं माझं काळीज जरा जागेवर आलं. गुहेत शिरलो तेव्हा तर मी सगळं विसरलेच. पाणी खालून दिवा लावल्यासारखं निळं होतं. छतावर उजेड नाचत होता. सगळे आरडाओरडा करत होते आणि गुहा ती ओरड परत देत होती. सगळ्यांत आधी उडी कुणाची? कारीचीच. सँडल बाकाखाली भिरकावल्या, हिरव्या पोहण्याच्या कपड्यात धप्प.

"ताई, ये ना! किती वेळ लावतेस!"

मीही उडी मारली. पाणी गार होतं. आम्ही हात धरून तरंगलो. मग तिने हात सोडला आणि पुढे गेली, आतल्या कोपऱ्यात काय आहे ते बघायला.

हिनेसने शिट्टी मारली. शिडीवरून एकेक जण वर आला.

"बारा," हिनेसने मोजलं.

मीही मोजलं. बारा.

माझ्या शेजारी ती बसली होती. निळा फ्रॉक, केसांतून निथळणारं पाणी. तिच्याखालचं बाक ओलं झालं होतं.

ती वाकली, बाकाखालून कारीच्या सँडल काढल्या, पायांत घातल्या आणि पट्टे लावले.

मी किंचाळले. हिनेस म्हणाला, "बाई, बारा आणले, बारा नेतोय." धक्का लागताच ती उडी मारून उतरली आणि आइस्क्रीमच्या गाडीकडे हसत पळाली. तिच्यामागे दगडांवर ओली पावलं उमटत गेली.

पाणबुड्यांनी सहा दिवस गुहा शोधली. बाकीच्या प्रवाशांना विचारलं, तर सगळे सांगत होते की जितके गेले तितके आले.

वर्ष कसं काढलं ते सांगण्यात अर्थ नाही. जूनमध्ये एकदा पाव आणायला गेले. सवयीने विचारलं, "शेवटचं कोण?" कोपऱ्यातून एक बोट वर आलं. हिरवे पोहण्याचे कपडे, ओले केस, खाली कोरडी फरशी.

"मी," कारी म्हणाली. "पण तुम्ही व्हा पुढे. मला काही घाई नाही."

मला तुम्ही म्हणाली. माझी कारी, आणि तिला घाई नाही! लोकांना ढकलत मी तिच्याकडे धावले, पण कोपऱ्यात कुणी नव्हतं. पुढे पोस्टात दिसली, मासळीबाजारात दिसली. दर वेळी विचारणारी मी असायचे. चूक तिथेच होत होती. विचारायचं तिने, बोट वर करायचं मी, हे मला कळेपर्यंत जुलै संपला. कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटी नाचले.

म्हणून आज शेवटची मीच राहायचं ठरवलं. आठ वाजताच आले, माझ्यापुढे अकरा जण होऊ दिले आणि मग विचारलं. पहिल्या खेपेची बारावी, शेवटची, मी. पिशवीत नव्या सँडल आहेत, अडतीस नंबर, तिचा पिवळा फ्रॉक, दुकानाच्या किल्ल्या आणि ती यादी. सातव्या ओळीवर खूण करायची राहिलीय.

हिनेसने मला ओळखलं. नजर चुकवत म्हणाला, "आज एकट्याच?"

"छे," मी म्हटलं. "बहीण येतेय."

सँडल मी दगडावर काढून ठेवल्यात, तिला पटकन पाय घालता येतील अशा.

मागून अनवाणी पावलं वाजतायत. अजिबात घाई नाही त्यांना.

"शेवटचं कोण?"

मी बोट वर केलंय. माझ्या फ्रॉकच्या काठावरून पाणी ठिबकायला लागलंय, आणि खालचा दगड कोरडा आहे.