कठड्याच्या गजांमधलं अंतर

“कुणी भेटलं तर पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाक, मला लेक आहे म्हणून,” ताईने बॅग भरता भरता बजावलं होतं. “उशीर केलास की साधी गोष्ट कबुलीजबाब होऊन बसते.”

“मी चार दिवस भिंगांचं प्रशिक्षण घ्यायला चाललेय, स्थळं बघायला नाही,” म्हणत तिने ते उडवून लावलं.

ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची. घटस्फोटाला दोन वर्षं झालेली, लेक पावणेतीन वर्षांची. मध्यंतरी एका भल्या माणसाने कॉफीला बोलावलं होतं. बोलता बोलता लेकीचा विषय निघाला आणि त्याला एकदम कुठलंसं काम आठवलं. तेव्हापासून कुणी नुसतं गोड बोललं तरी ती निघायची घाई करायची.

प्रशिक्षण संपलं, विमान दुसऱ्या दिवशी. हातात अख्खा दिवस आणि परकं शहर. सकाळी ती नदीवरच्या जुन्या लोखंडी पुलावर आली, तर एक माणूस कठड्यापलीकडे लोंबकळत हातोडीने पूल ठोकत होता.

“आता हा पडणार,” ती पुटपुटली.

“नाही पडणार. दोर बांधलाय,” खालून चक्क मराठीत उत्तर आलं.

आधी हेल्मेट वर आलं, मग दोन हसरे डोळे. ती इतकी गोंधळली की भलतंच बोलून गेली. “गाठ तपासलीत?”

“दोनदा. तुम्हाला चैन पडत नसेल तर तिसऱ्यांदा बघतो.” आणि त्याने खरंच बघितली.

तो पुलांची तपासणी करणारा इंजिनियर होता. हातोडी मारायची आणि कान द्यायचा, म्हणाला. धडधाकट लोखंड खणखणतं, आतून गंजाने खाल्लेलं नुसतं हुं म्हणतं. दहाला त्याचं काम संपलं.

“शहर दाखवू? पण आधीच सांगतो, मला ते खालूनच माहितीये.”

पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली होती…

त्याने तिला होडीत बसवलं आणि एकेका पुलाखालून नेलं. वर सगळे घंटाघर बघत होते. ही दोघं कमानीच्या पोटाशी पाण्यावरून उडालेल्या उन्हाच्या जाळ्या बघत होती. नाचऱ्या, सोनेरी. बाजारात तो रंगीत काचांच्या छपराकडे बोट दाखवायचा आणि ती त्याच्या बोटावरच्या जुन्या ओरखड्याकडे बघायची. त्याने बघितलं की छपराकडे.

“तुम्ही बघता एकीकडे आणि लक्ष भलतीकडे,” तो म्हणाला.

“डोळे तपासून तपासून सवय लागलीये.”

“मग काय निघाला माझा नंबर?”

“एवढ्यात नाही सांगता यायचा… अजून थोडं बघावं लागेल.”

बोलून झाल्यावर तिचे कान तापले.

घंटाघराच्या गच्चीवर सारं शहर पायाशी पसरलं होतं. तिने मात्र वाकून कठड्याच्या गजांमध्ये बोटं ताणून अंतर मापलं. “अंतर फार आहे हो. डोकं आत जाईल.”

“कुणाचं?”

“असंच… कुणाचंही.”

तिच्या काळज्यांना घरी सगळे हसायचे. सासरी तर तिचं नावच ‘धोक्याची पाटी’ पडलं होतं. आता हाही हसणार, असं ती धरूनच चालली. त्याने खिशातून टेप काढला, गुडघे टेकले, माप घेतलं.

“चौदा सेंटिमीटर. बरोबर आहे तुमचं. आजच कळवतो.” त्याने वहीत टिपलं, दोनदा अधोरेखित केलं. “इतक्यांदा आलो इथे… माझ्या नजरेतून सुटलं.”

वाऱ्याने तिची ओढणी उडत होती, ती सावरायचंही तिला सुचलं नाही.

दुपारी नदीकाठच्या छोट्या खानावळीत दोघांपुढे वाफाळता मासा आला. तो कमानींबद्दल बोलत होता, तेही जीव ओतून. ती ऐकता ऐकता काटे काढत होती, बारीक घास करत होती, फुंकर घालत होती. मग काट्याच्या चमच्यावर एक घास घेऊन तिने हात पुढे केला. “आ—”

हात वाटेतच थांबला. ताटली त्याची होती. घास त्याच्या ओठांपासून चार बोटांवर.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. आता त्याला काम आठवेल. आठवणारच.

तो त्या बारीक घासांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “किती वर्षांची?… की किती वर्षांचा?”

“पावणेतीन. मुलगी.” ती म्हणाली. “सकाळीच सांगायला हवं होतं. भीती वाटली.”

“कशाची?”

“तुम्ही उठून जाल म्हणून.”

तो उठला खरा. खुर्ची उचलून तिच्या शेजारी आणून ठेवली, बसला, आणि तिच्या हातातला तो घास खाल्ला. “थोडा अजून निवायला हवा होता,” म्हणाला. “आता फोटो दाखव.”

‘दाखवा’ नाही, ‘दाखव’. तिने फोन पुढे केला तेव्हा डोळे भरून आलेले, आणि हसूही आवरत नव्हतं. पुढच्याच महिन्यात तो तिच्या गावी आला. ताईने दार उघडलं. मागोमाग लेकीने येऊन त्याचं बोट पकडलं, ते काही सोडलं नाही.

ते चार दिवस ताईने लेक सांभाळली, म्हणून तिला तो एक दिवस मिळाला. तुमच्या ओळखीतही अशी एखादी असेल, मुलाचं कारण सांगून कुठेच न जाणारी. आज तिच्याकडे जाऊन या. ‘सगळं ठीक आहे’ असं ती दारातच म्हणेल. तरी आत जा, तासभर मूल मांडीवर घ्या, आणि तिला जरा बाहेर पाठवा.