ट्यून संपल्यावरचं दीड मिनिट

जिन्यात पडलेला पेन ड्राइव्ह सायलीच्या चपलेखाली येता येता वाचला, आणि तिथेच तिची आणि शेखरची गाठ पडली. हिंजवडीत आठ तास हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि जवळच्या नेरे गावातल्या भाड्याच्या खोलीवर येऊन अंग टाकायचं, असं तिचं चाललं होतं. त्यामुळे वरून धावत आलेला घरमालकीणबाईंचा मुलगा तिला त्या क्षणी काही फारसा गोड वाटला नाही.

"जपून, म्याडम," शेखर म्हणाला. "त्यात माजे वडील हायेत."

खरं तर त्यात वडिलांची ट्यून होती. चंद्रकांत गुरुजींनी तीसेक वर्षांपूर्वी जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर बायकोसाठी एक ट्यून बांधली. आता गुरुजीही नव्हते आणि कॉम्प्युटरही गंजून गेला होता. बावधनच्या एका दुकानदाराने फ्लॉपीतल्या फायली काढून दिल्या, पण त्या वाजत कशावरच नव्हत्या. शेखरच्या आईला, रत्नाबाईंना, मात्र ती ट्यून एकदा ऐकायची होती.

सायली इतकी दमली होती की सरळ नाही म्हणणार होती. पण समोरचे डोळे भलतेच निर्मळ होते... "रविवारी बघू," ती म्हणून गेली.

रविवारी तिने लॅपटॉपवर एम्युलेटर टाकलं. नव्या मशीनच्या पोटात जुना कॉम्प्युटर जागा करणारं ते सॉफ्टवेअर. आधी नुसतंच बीप बीप आलं. मग तिने सेटिंगमध्ये जुनं साउंड कार्ड निवडलं, तर ट्यून आली, पण पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी धावत. ती वेग कमी करत गेली. शेखर डोळे मिटून बसला होता.

"अजून हळू... बाबा घाईत काईच करायचे न्हाईत."

कीबोर्डजवळ त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं. दोघांनीही ते काढून घेतलं नाही.

एका दुपारचं काम सायलीने दोन महिने पुरवलं. कधी आवाज फाटतोय, कधी बासरी बारीक येतेय... शेखरला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे तो दर रविवारी मुकाट्याने येऊन बसायचा. निदान तिचा तरी तसा समज होता.

मग कंपनीने हैदराबादला जायला सांगितलं. सोमवारी हो-नाही कळवायचं होतं. तिने शेखरला सांगितलं, तर तो नुसतं "बरं" म्हणाला. पाच वर्षांत ही चौथी खोली सोडायची. सामान बांधायचा नाही, पण कुणीच अडवत नाही याचा तिला आता शीण आला होता. एकदा कुणी तरी 'थांब' म्हणावं, आणि ते यानेच म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

शेवटच्या रविवारी रत्नाबाईंना ऐकवायला पक्कं रेकॉर्डिंग करायचं ठरलं. दोन बटणं एकदम दाबली की सुरू, पुन्हा दाबली की बंद, हे तिने त्याला दाखवलं, आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून ती गच्चीत गेली. परत आली तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले होते. "झालं," म्हणाला, आणि निघूनच गेला.

तिने फाइल ऐकली. दोन मिनिटं ट्यून, सुरेख. पुढे दीड मिनिट काहीच नाही. रिकामं शेपूट कापून टाकायला तिने बोट उचललं आणि ती थबकली. बटणं तर याला नीट येत होती. मग दीड मिनिट हा करत काय होता?

ती खाली गेली. शेखर ओट्यावर पाण्याच्या मोटारीच्या पाइपला तार गुंडाळत होता.

"ट्यून संपल्यावर तुम्ही काय करत होतात?"

त्याने मान वर केली नाही. "ऐकलं न्हाई व्हय?"

"त्यात खोलीतला आवाज येत नाही, शेखर. फक्त त्या जुन्या मशीनचा येतो."

तार हातातच राहिली. "मंग... बरंच झालं."

"बरं नाही झालं. पुन्हा बोला."

"पयलं एक मिनिट तर गप्पच हुतो मी."

"आणि उरलेलं अर्धं?"

शेखरने तार खाली ठेवली. "म्हनलं, तुमी मला आवडता. लई आवडता. जाऊ नका म्हनायचा मला काई हक्क न्हाई... पन जाऊ नका."

सायली त्याच्या शेजारी टेकली. एवढं ऐकायला दोन महिने लागले, याचा तिला रागही आला आणि रडूही.

"मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली. "हैदराबादला नाही म्हणून कळवते उद्या. नोकरी गेली तर हिंजवडीतच दुसरी शोधीन. पण आता मी फार दमलेय. काही बोलू नका, नुसते बसा."

तो बसला. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. चहाचे कप घेऊन रत्नाबाई दारापर्यंत आल्या, दोघांकडे पाहून थबकल्या, आणि बांगड्यांचा आवाज होऊ न देता तशाच आत वळल्या.