उत्तर भिंतीवरची काच

सभागृहाच्या उत्तर भिंतीवर बसवलेली काचपट्टी तुटली होती. तिच्याखालची भेग केसभरही रुंदावलेली नव्हती.

काचपट्टीचे काम साधे असते. भेगेच्या दोन्ही बाजूंना तिची टोके पक्की चिकटवतात. भिंत सरकली, तर काच तडकते. नाही सरकली, तर ती निमूटपणे धूळ खात राहते. भेग जैसे थे आणि काच मात्र तुटलेली, असे होत नाही.

सभागृह ही त्या जुन्या निवासी शाळेतली सर्वांत देखणी वास्तू होती. टोकदार दगडी कमानी, लाकडी कैच्यांवर तोललेले उंच छप्पर, मुलांच्या पिढ्यांनी मधोमध झिजवलेल्या पायऱ्या. विश्वस्तांकडे त्याच जागेवरच्या नव्या इमारतीचा आराखडा तयार होता. मी अभियंता, भिंत हलते आहे का, एवढेच मला सांगायचे होते. हिवाळ्यापर्यंत पट्टी टिकली तर सभागृह राहणार. तीन पट्ट्या तुटल्या तर ते पाडणार. निष्कर्ष निघेपर्यंत तिथे वावरणाऱ्यांशी यातले काहीही बोलायचे नाही, हा आमच्या कामाचा नियम.

पहिली पट्टी बसवताना मी शिडीवर होते. खाली कुणीतरी गुडघ्यावर नादकाटा आपटला आणि त्याचा दांडा भिंतीला टेकवून कान लावला.

"भिंतीची नाडी बघताय?" मी वरूनच विचारले.

"सूर बघतोय. तुम्ही?"

"ताप."

"वा! म्हणजे आपण एकाच रुग्णाचे दोन डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही. आणि तुमचा पाय माझ्या शिडीवर आहे."

"मुलं मलाच शिडी म्हणतात, मॅडम. घरचाच मामला आहे." ते हसले... पाय मात्र काढला नाही.

ते संगीत शिक्षक होते. उंचीमुळे ते नाव पडलेले. याच शाळेत लहानाचे मोठे झाले, याच छपराखाली पहिल्यांदा गायले. दुपारपर्यंत मुलांनी मलाही नाव देऊन टाकले होते — काचबाई.

पट्टी तुटल्याचा मुख्याध्यापिकांचा फोन आला, तेव्हा मी पोहोचण्याआधीच संगीत शिक्षकांनी तुकडे गोळा करून टाकून दिले होते. "मुलांच्या पायाला लागले असते," ते म्हणाले. कारण योग्य होते. मी दुसरी पट्टी बसवली.

घरी ताईने माझा चेहरा पाहिला. "काय गं, भेग नक्की भिंतीलाच पडलीय ना?"

मी तिला काचेच्या ठिसूळपणाबद्दल बरेच काही सांगितले. तिने ऐकून घेतले, आणि वर "बरं" म्हणाली.

दुसरीही तुटली. त्या दिवशी संततधार होती. फाटकापासून सभागृहापर्यंत ते माझ्यावर छत्री धरून चालले. त्यांचा डावा खांदा निथळत होता.

"छत्रीचा मध्य चुकलाय," मी म्हटले.

"मुद्दामच चुकवलाय."

"तुकडे?"

"टाकले. काच फार हळवी असते हो... पुढच्या वेळी आलीस की तुला वरचा सज्जा दाखवतो—" ते थबकले. "आलात की."

"पहिलंच बरं होतं," मी म्हणाले.

पावसाचा आवाज एकदम मोठा वाटू लागला.

"आणि काच तुटलीच नाही तर?" त्याने विचारले.

"मग मला येण्याचं कारण उरणार नाही. काच न तुटणं, हेच सगळ्यांच्या हिताचं."

त्याने छत्री मिटली. मी तिसरी पट्टी बसवली. ती शेवटची, हे मला माहीत होते, त्याला नाही.

ती तुटल्याचे कळले तेव्हा मी तडक निघाले. त्याचा तास चालू होता, वरून मुलांचे समूहगान ऐकू येत होते. या खेपेस तुकडे जिथल्या तिथे होते. मी ते रुमालावर जुळवले. भेगेच्या रेषेवर काच तडकलीच नव्हती. सगळे तडे दूर, टोकाजवळच्या एका बिंदूतून फाकलेले. आणि तिथे वाटोळा, बारीक टवका.

तास सुटल्यावर तो जिना उतरून आला. "आलीस!"

"नादकाटा दे."

त्याने दिला. दांड्याचे टोक मी टवक्यावर ठेवले. तंतोतंत बसले.

"सापडलो," तो कानापर्यंत लाल झाला. "अगं, भिंत ठणठणीत आहे, रोज ऐकतो मी तिला. एका काचेनं कुणाचं काय बिघडतं?"

"तिसरी तुटली की हे सभागृह पाडायचं ठरलंय."

त्याचा हात आपोआप भिंतीवर गेला.

"सांगितलं का नाहीस?"

"नियम होता. तू का नाही बोलावलंस? एक फोन केला असतास, तर आले असते."

"काय सांगून?"

"काहीही न सांगता."

त्याने रुमालावरच्या तुकड्यांकडे पाहिले.

"काच सदोष होती, असं लिहिलंस तर?"

"तीनही? विश्वस्तांना पाडायचंच आहे. त्यांना अडवायला खरं कारण लागेल. कुणी तोडली, आणि का. 'का' लिहिल्याशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही."

"म्हणजे माझी नोकरी गेली." तो कसनुसा हसला. "जाऊ दे. दुसरी बघू. तू असशील ना?"

मी नादकाटा त्याच्या हातात परत ठेवला. त्याची बोटे गार होती.

"तोडणारा आणि तपासणारी उद्या एकत्र दिसले, तर अहवाल संगनमताचा ठरेल. मग भिंत वाचणार नाही."

"उद्या नाही. पण नंतर कधी?"

"नव्या इमारतीचा आराखडा विश्वस्तांकडे नंतरही असेल."

त्याने मान वर करून छपराकडे पाहिले. एकेक कैची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तो काय ठरवतो याची वाट पाहत राहिले, आणि त्याने चुकीचे ठरवावे असे मला त्या क्षणी फार वाटले.

"लिहा, मॅडम," ते म्हणाले.

अहवाल मी त्याच संध्याकाळी दिला. निष्कर्ष असा : उत्तर भिंत स्थिर आहे. तिन्ही काचपट्ट्या भिंतीच्या हालचालीने नव्हे, नादकाट्याच्या आघाताने तुटल्या. आघात संगीत शिक्षकांनी केला. कारण : तपासणी करणारी अभियंता पुन्हा यावी.