सल्लागाराने बोलायचं नसतं

शर्मिष्ठा त्या दुपारी राजीनामा द्यायला आली होती. मुलुंडच्या एका कॉलेजात ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती आणि शिस्तपालन समितीपुढे उभ्या राहणाऱ्या मुलांची सल्लागार म्हणून दोन वर्षं बसून बसून पार थकली होती. नियमच तसा – आरोप असलेल्या विद्यार्थ्याने एक सल्लागार आणावा. सल्लागाराने शेजारी बसावं, हवं ते कानात सांगावं, पण समितीपुढे चकार शब्द काढू नये. तेरा प्रकरणं तिने अशी तोंड मिटून पाहिली होती. प्रत्येक वेळी बाहेर कोणाची तरी आई तिलाच विचारायची, "तू काहीच कशी बोलली नाहीस गं?"

ऑफिसातल्या लवूकाकांनी तिचा कागद हातात घेतलाच नाही. "बाय, त्या बाकड्यावरच्या झिलाचा तेवढा बघ गो. मगे जा."

बाकड्यावर एक उंच मुलगा भिंतीला डोकं टेकून झोपला होता. ती खाकरली. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि अजून झोपेतच असल्यासारखा हसला.

"सौरभ. एमएस्सी, संख्याशास्त्र. चोर."

"ते समिती ठरवेल."

"मग तू काय करणार?"

"मी... मी फक्त शेजारी बसणार."

"झकास! तेवढंच हवंय."

प्रकरण साधंच होतं. कांजूरमार्गच्या या मुलाने तीन आठवडे बसथांब्यांवर उभं राहून बसला किती उशीर होतो याच्या नोंदी घेतल्या होत्या. त्याच नोंदींवरचा प्रकल्प त्याच्या वर्गातल्या हर्षदनेही दिला. वर, नोंदी माझ्या, सौरभने चोरल्या, असं लिहूनही दिलं. दोघं एकाच चाळीतले, पहिलीपासून एका बाकावरचे. त्यावर सौरभ काही बोलायलाच तयार नव्हता.

सुनावणी तीनदा पुढे ढकलली गेली. एकदा अध्यक्षा आजारी, एकदा परीक्षा, एकदा फाइलच सापडेना. दर वेळी शर्मिष्ठा आणि सौरभ तास-दीड तास त्या बाकड्यावर. मार्चचा उकाडा, वर नुसताच कुरकुरणारा पंखा.

"तुमच्या कांजूरला डम्पिंगच्या कचऱ्याचा वास येतो ना रे?" तिने एकदा विचारलं.

"वारा फिरला की येतो. वारा बघून बोलावतो तुला, ये."

"आपण ज्याचे सल्लागार, त्याच्या घरी जायचं नसतं."

"आणि त्याने आपल्या खांद्यावर झोपलेलं चालतं?"

तिने दचकून खांद्याकडे पाहिलं. "कधी?"

"मगाशी. तूही झोपली होतीस... म्हणून ओरडली नाहीस."

ती हसली. आपण किती दिवसांनी हसलो, हे तिला स्वतःलाच आठवेना. त्या हसण्यानंतर तो हळूच म्हणाला, "मीच फाइल दिली गं हर्षदला. त्याचे बाबा हॉस्पिटलात होते. नुसती मांडणी बघतो म्हणाला."

"मग सांग ना तसं!"

"त्याची वाट लागेल."

"आणि नाही सांगितलंस तर तुझी."

"हं... तुझा सल्ला काय?"

तिने पाठ असलेलं म्हणून दाखवलं – निर्णय तुझा, मी फक्त परिणाम सांगते. त्याने मान हलवली. घरी जाताना मात्र तिला स्वतःचाच राग येत राहिला.

चौथ्या वेळी मात्र सुनावणी झाली. हर्षद समोर बसला होता, नजर खिडकीबाहेर. अध्यक्षा कमल मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "शेवटचं विचारते. नोंदी कोणाच्या?"

सौरभने मान खाली घातली.

शर्मिष्ठा त्याच्या कानाशी वाकली. "सौरभ, गप्प राहिलास तर ते खोटं जन्मभर तुझ्या नावावर राहील." ती थांबली... मग आणखी हळू म्हणाली, "आणि मला ते बघवणार नाही."

हे दुसरं वाक्य सल्लागाराचं नव्हतं. ते दोघांनाही कळलं.

सौरभने मान वर केली आणि सगळं सांगितलं. थांबे, वेळा, कुठल्या दिवशी कुठला कंडक्टर काय म्हणाला तेसुद्धा. हर्षद मध्येच रडायला लागला.

निकाल संध्याकाळी लागला. हर्षदचं वर्ष गेलं. फाइल दिल्याबद्दल सौरभचाही प्रकल्प रद्द झाला. सहा महिन्यांनी नवा करायचा. जिन्यावरून हर्षद न बघता निघून गेला आणि सौरभ पायरीवर मटकन बसला.

"मित्रही गेला यार."

ती शेजारी टेकली. तिने त्याच्या हातावर हात ठेवला, आणि त्याने तो ठेवू दिला.

त्याने विचारलं, "अपील करता येतं ना? बसशील शेजारी?"

"नाही. प्रियंकाला सांगते, तीही सल्लागार आहे. हुशार आहे ती."

त्याचा चेहरा पडला. "का? कंटाळलीस मला?"

"सल्लागाराचं डोकं शांत लागतं, सौरभ. तुझ्या बाबतीत माझं राहत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते समजून घे ना... दमलेय रे मी. सगळं मीच बोलू का?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. दोघंही इतकी थकलेली होती, की लाजायचंही त्राण उरलं नव्हतं.

"नको," तो म्हणाला, "आता मी बोलतो."

आणि मग तो बोलला – जिन्याच्या त्याच पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट करून देत, अडखळत, तिचा हात न सोडता.