रुळांवरचा सरस

लक्ष्मीपुरीच्या जुन्या बाजारात जोतीराम मास्तरांना ती आगगाडी सापडली, तेव्हा तिच्यावर कोंबड्या बसल्या होत्या. खाटेएवढी फळी, तिच्यावर वळणावळणानं गेलेले पितळी रूळ, एक काळं इंजिन आणि तीन डबे. मिरजेकडच्या कुण्या साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, त्यातली ती होती, एवढंच भंगारवाला सांगू शकला. मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. एकाहत्तर साल होतं, शाळेचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं, आणि विजेवर धावणारी गाडी पोरांना दाखवायचीच, असं त्यांच्या मनानं घेतलं.

अडचण रुळांची होती. साहेबानं ते सरसानं फळीला चिकटवले होते. वर खऱ्या रुळांसारखं दिसावं म्हणून बारीक खडी पसरून तिच्यावरही सरस ओतला होता. वाळून त्याचा दगड झाला होता. पितळेवर पापुद्रा चढल्यामुळं वीज पुढं सरकत नव्हती. रूळ उचलून, धुऊन, नव्या फळीवर बसवायला हवे होते.

शनिवार पेठेत मास्तर माडीवर राहत. खाली नबीलाल आणि लालासाब या सुतार भावांचं दुकान होतं. नबीलालनं सरसावर नखानं टकटक केली.

"छिन्नी लावू नगा, रूळ वाकतील. कढत पाण्यात भिजत घाला, आपसूक सुटतंय." मग नाक जवळ नेऊन हुंगलं. "हाडाकातड्याचा हाय, पर कशाच्या, कळंना. म्हशीचा वास न्हाय ह्यो."

मास्तरांच्या बायकोनं, बनाबाईंनी, कुरकुर करत जुनी परात दिली. मास्तरांनी रुळांच्या सांध्यांशी फळी करवतून तिचे तुकडे परातीत ठेवले. न्हाणीतल्या बंबाचं पाणी ओतलं, तसा सरस फुगला, पिवळा झाला आणि खडी सुटून तळाशी बसू लागली. मास्तर दाताच्या जुन्या ब्रशानं रूळ घासू लागले. थोड्या वेळानं बनाबाईही शेजारी बसल्या. तापात पडलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसला वास घरभर झाला. मोरी तुंबेल म्हणून मास्तरांनी निघालेला लगदा एका डब्यात भरून ठेवला. एक वळणाचा रूळ वाकडा होता, तो नबीलाल सरळ करायला घेऊन गेला.

सकाळी मास्तरांनी परातीत हात घातला. पाणी अजून कोमट होतं.

"दाट पाणी उशिरा निवतं," त्यांनी बायकोला समजावलं. ती आपली बोटं हुंगत होती.

त्या दिवशी वर्गात एका पोरानं पाणी प्यायला जाऊ का, म्हणून विचारलं. मास्तरांनी लाकडी डस्टर उचललं आणि त्याला मारायला सुरुवात केली. सबंध नोकरीत त्यांनी पोरांवर हात उगारला नव्हता. दोन शिक्षकांनी मागून धरलं, तेव्हा पोराच्या कानातून रक्त येत होतं. मास्तर घामानं भिजले होते, शरमले होते. पण उजवा हात खांद्यापर्यंत सुखावला होता. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं, तसा.

हेडमास्तरांनी त्यांना घरी पाठवलं. दुकानापुढं गर्दी होती. लालासाबचा तळहात बाकाला खिळला होता. छिन्नी आरपार गेली होती. तो डोळे फाडून हाताकडं बघत होता आणि नबीलाल शेजारी मांडी घालून त्या वळणाच्या रुळावरचा सरस खरवडत होता.

"नबीलाल, हे काय केलंस?"

"त्यानं छिन्नी मागितली, मास्तर. दिली."

मास्तर जिना चढले. बनाबाई खिडकीत बसून उरलेले रूळ नखांनी साफ करत होत्या. नखं फुटून बोटं लाल झाली होती.

"ठेव ते खाली."

"थोडंच ऱ्हायलंय."

त्यांनी रूळ ओढला. बनाबाईंनी वाकून त्यांच्या मनगटाचा चावा घेतला. दात रुतले, सुटले नाहीत. शेवटी त्यांनी तिला भिंतीवर ढकललं आणि लगद्याचा डबा उचलला. सरसात काहीतरी विषारी आहे, कातड्यातून भिनतं, एवढं त्यांच्या डोक्यानं पकडलं होतं. विष जाळलं की संपतं. बंबात उसाची चिपाडं पेटलेली होती. त्यांनी अख्खा डबा आत पालथा केला.

सरस चरचरला. धूर निघाला, पण वर गेला नाही. न्हाणीच्या खिडकीतून तो भिंतीला धरून खाली उतरला आणि गल्लीत पसरला.

नळावर बायका पाणी भरत होत्या. शेजारच्या तानाबाईंनी भरली घागर उचलली आणि पुढच्या बाईच्या डोक्यात घातली.

नळासमोरच्या कट्ट्यावर म्हातारे गणपतराव बसायचे. त्यांच्या थोरल्यानं बापाची काठी काढून घेतली आणि बापावरच चालवली.

दुकानापुढची गर्दी एकमेकांवर तुटून पडली. नबीलालनं रंधा उचलला.

ओरडत कुणीच नव्हतं. नुसते फटके ऐकू येत होते. लाकडाचे. लोखंडाचे. ओल्या मांसावर बसणारे.

मास्तरांच्या हातात उलथणं होतं. ते कधी घेतलं, आठवत नव्हतं. बनाबाईंच्या कपाळावरून रक्त वाहत होतं. त्यांच्या हातात खलबत्त्याचा बत्ता होता.

बत्ता खाली आला. मास्तरांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. ते हसले.

चिपाडं विझली, तसं सगळं थांबलं.

गणपतराव उठले नाहीत. पोलीस आले. कुणी नळाचा नंबर म्हणालं, कुणी पोरांची भांडणं. पंचनामा झाला, जखमींना टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. नबीलालला नेताना त्यानं वर माडीकडं बघितलं आणि मान डोलावली.

दिवेलागणीला मास्तर हात गळ्यातल्या झोळीत अडकवून दवाखान्यातून परत आले. कपाळाला फडकं बांधून बनाबाई न्हाणीत बसल्या होत्या. बंबातली राख त्यांनी बोटांनी निपटून ताटलीत काढली होती.

"फेकून दे ती," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच खोटा वाटला.

"लई दिसांनी हलकं वाटतंय. तुमास्नी न्हाय वाटत?"

त्यांना नाही म्हणता आलं नाही.

तेवढ्यात कडी वाजली. दारात तानाबाई उभ्या होत्या. ओठ फाटलेला, डोळा सुजलेला. हळदीकुंकवाला आल्यासारख्या त्या संकोचानं हसल्या आणि पदराखालून वाटी पुढं केली.

"चिमूटभर मिळंल का, वैनी?"

त्यांच्यामागं जिन्यावर, खालच्या पायरीपर्यंत, गल्लीतली माणसं उभी होती. हातापायाला पट्ट्या बांधलेली. धक्काबुक्की न करता, एकमेकांना जागा देत. प्रत्येकाच्या हातात एकेक वाटी होती.