पडद्यावरचे दोन डाग

नगमा अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आली होती. शकुन धर्माळेच्या अमरावतीच्या ऑफिसात ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि पाण्याचा ग्लास नुसताच हातात धरून राहिली.

"माझ्या नवऱ्याले कामावरून काढलं," ती म्हणाली. "मोहसीन नाव त्याचं. लोकं ऑनलाइन टीव्ही घेतात ना, ते घरी पोचवते, भितीवर बसवून देते. एका टीव्हीचा पडदा फुटला. कंपनी म्हणते यानंच पाडला."

"अन् तो काय म्हणते?" शकुननं विचारलं.

"तोही तेच म्हणते. पण मले पटत नाई. घरी धड बोलत नाई, भितीकडे पाहून बसते. नोकरी गेली तर गेली, मले खरं काय ते पाह्यजे."

शकुन पूर्वी विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करायची. जळालेली दुकानं, उलटलेले ट्रक. आता ती स्वतंत्रपणे तपासाची कामं घेई. तिच्यासोबत असायचे देवमन, निवृत्त हवालदार.

नगमा बाहेर जाताच देवमन म्हणाले, "बाई, माणूस सोताच कबूल करून राहिला. यात शोधाचं काय?"

"तो कायले कबूल करून राहिला, ते."

अकोल्यात मोहसीन घरीच होता. उंच, दाढी वाढलेली, नजर खाली.

"टीव्ही कसा पडला?" शकुननं विचारलं.

"हातातून सटकला. खोक्यातून काढतानी."

"कोणत्या बाजूनं?"

"कोपऱ्यावर."

"मग पुढं काय केलं?"

"काही नाई. माझी गलती आहे म्हणून लिहून घ्या, बाई." त्याच्या आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती.

टीव्ही ज्यांनी घेतला ते खुशालराव अकोल्याजवळच्या एका गावाच्या कडेला राहत. उंच, हडकुळे शेतकरी. समोरच्या खोलीत एका तरुणाचा हार घातलेला फोटो होता.

"शिवम, माझा पोरगा," ते म्हणाले. "मागच्या वर्षी फवारणीचं विष लय जणाच्या अंगात गेलं, याच्याही. दवाखान्यात होता. नाई वाचला." बसची वेळ सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं.

टीव्ही त्यांच्या मुलीनं, आरतीनं मागवला होता. ती कॉलेजला जायची.

"सेलमध्ये निम्म्या भावात होता," आरती म्हणाली. "वाटलं, घरात कोणाचा तरी आवाज येईल. त्या दुपारी मी कॉलेजात होती, बाबा बाजार समितीत. घरी फक्त आई. पण ती सयपाकघरातून बाहेरच येत नाई."

"मी आलो तं तो पोरगा फाटकात उभा," खुशालराव म्हणाले. "म्हणे, काका, पडदा गेला, माझ्या हातून पडला. चालू कराच्या आधीच फुटला, म्हणे. मी कंपनीले तेच सांगतलं."

टीव्ही भिंतीवर होता, चारही स्क्रू घट्ट बसवलेले. शकुननं पडद्यावरून बोट फिरवलं. वरचा थर गुळगुळीत होता, कुठंही ओरखडा नाही. चिरा आतल्या थरात होत्या. खालच्या अर्ध्या भागात शाई सांडल्यासारखे दोन काळे डाग एकाच रेषेत होते, मधे वीतभर जागा. तिनं चौकटीचे चारही कोपरे बारकाईनं पाहिले. साधी खरचटही नव्हती.

परत पाठवायला म्हणून ठेवलेलं खोकं ओसरीत होतं. त्यावर, दणका बसला की लाल होणारी पट्टी चिकटवलेली होती. ती पांढरीच होती.

"नुसत्या खड्ड्याच्या रस्त्यानं आलं अन् खोक्याले धक्काही नाई," देवमन कौतुकानं म्हणाले.

शकुननं आत येऊन टीव्हीचं आणि केबलच्या डब्याचं बटण दाबलं. चित्र आलं नाही, पण आवाज आला. निवेदिका बातम्या सांगत होती.

"बंद करा!" खुशालराव उठले आणि त्यांनी वायरच उपटली. "या घरात बातम्या लागत नाई."

"शिवमदादा गेल्यापासून आमी फक्त सिरियल लावतो," आरती हळूच म्हणाली. "जुना टीव्ही गेला त्या दिवशीसुदा सिरियलच सुरू होती. तवापासून डब्याले कोणी हात लावला नाई."

आतून खुशालरावांची बायको माणिकबाई चहा घेऊन आली. ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू. टीव्हीसमोरून जाताना तिचा चेहरा पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागाशी आला. तिनं पडद्याकडे पाहिलं नाही.

"तुमी त्या दिवशी काही पाह्यलं?" शकुननं विचारलं.

"नाई. मी आत होती." कप ठेवून ती तिथंच उभी राहिली. "त्या भाऊची नोकरी गेली का, बाई?"

"तुमाले कोणी सांगतलं?"

"कोणी नाई. वाटलं तसं."

शकुन अंगणात आली. अमरावतीच्या एका ओळखीच्या वार्ताहराला तिनं फोन लावला. "ही वाहिनी त्या दुपारी काय दाखवत होती, तेवढं विचारून सांगा." थोड्या वेळानं उलट फोन आला. तो ऐकून झाल्यावर तिनं फोन पर्समध्ये ठेवला. मग देवमनना म्हणाली, "मोहसीनले अन् नगमाले घेऊन या."

सगळे समोरच्या खोलीत बसले. माणिकबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मोहसीन खोटं बोलून राहिला," शकुन म्हणाली. "टीव्ही खोक्यातून काढतानी पडला म्हणते. मग फुटलेला टीव्ही चार स्क्रू आवळून भितीवर कोण बसवते? म्हणजे बसवला तवा तो चांगला होता."

देवमननी कपाळावर हात मारला.

"कोपऱ्यावर पडला म्हणते, अन् कोपऱ्याले खरचट नाई. खोक्यावरची पट्टी पांढरी, म्हणजे वाटेतही फुटला नाई. तो चालूही झाला होता. डब्यावर बातम्यांची वाहिनी लागलेली आहे. घरचे तं सिरियल पाह्यतात. चित्र नीट येते का, हे पाह्याले मोहसीननं वाहिन्या फिरवल्या, अन् एका बातमीपाशी तो थांबला."

"पण मग फुटला कसा?" आरतीनं विचारलं.

"मार बसला असता तं वरतून ओरखडा असता. हा पडदा दाबानं गेला. दोन डाग, एका उंचीवर, मधे वीतभर जागा. दोन तळहात. खुशालराव उंच आहेत, मोहसीनही उंच. त्यांचे हात इतक्या खाली, असे जवळ टेकणार नाईत."

कोणी माणिकबाईकडे पाहिलं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

शकुनचा आवाज खाली आला. "त्या दुपारी फवारणीच्या विषबाधेले वर्ष झालं म्हणून त्या वाहिनीवर कार्यक्रम होता. त्यात मागच्या वर्षीची दवाखान्यातली दृश्यं दाखवली."

माणिकबाई दाराशीच खाली बसली.

"सयपाकघराच्या दारातून शिवम दिसला," ती म्हणाली. "एवढा मोठा, जवळ. म्या त्याचे गाल धरले. हाताले काचच लागली. मी सोडलंच नाई. मंग सगळं काळं झालं."

मोहसीन पहिल्यांदा मान वर करून बोलला. "काकी म्हणे, ह्यांले सांगू नको. फवारणीले यांनीच धाडलं होतं पोराले, तो टीव्हीत दिसला आयकून मरतीन. मी म्हटलं, नाई सांगत." तो नगमाकडे वळला. "तुले सांगतलं असतं तं तू भांडाले इथंच आली असती."

"आलीच असती," नगमा म्हणाली. ती रडत नव्हती. तिनं फक्त त्याच्या शर्टाची बाही धरली.

खुशालरावांनी फोन काढला. कंपनीचा माणूस बोलायला येईस्तोवर ते उभेच होते. "पडदा आमच्याच घरात, आमच्याच हातानं फुटला," ते म्हणाले. "टीव्ही बदलून नको. त्या पोराले कामावर घ्या. सायबाले माह्याशी बोलाले लावा, उद्या मी सोता येतो."

फोन ठेवून ते जमिनीवर, माणिकबाईजवळ बसले. वर्षभरात ते दोघं इतक्या जवळ बसल्याचं आरतीनं पाहिलं नव्हतं.

"कसा होता?" त्यांनी विचारलं.

"खाटेवर बसून होता. बाजूच्या पेशंटशी बोलून राहिला होता."

"बोलत होता?"

"हो. हासून बोलत होता."

खुशालरावांनी मान हलवली. शकुननं देवमनना खूण केली, तशी बाहेरची माणसं आवाज न करता उठली.

"अजून सांग," खुशालराव म्हणाले.