डाव्या कानाशी

ते गळ्यातलं लोढणं काढून आधी टेबलावर ठेव. हो, हेडसेटच म्हणतोय. दिवा राहू दे, अंधार करून गोष्ट सांगायची मला हौस नाही. माणूस माझ्या ओळखीचा आहे, त्याने समोर बसून सांगितलेलं आहे, आणि शेवटचा भाग तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. मामा थापा मारतो असं ज्याला वाटत असेल त्याने आत जाऊन खुशाल झोपावं.

तर, गेल्या वर्षीची बावीस नोव्हेंबर. शनिवार. दुपारी बाराच्या सुमारास तो आमच्या पार्सल ऑफिसात एक खोकं न्यायला आला. आम्ही सगळे त्याला कानसेन म्हणायचो. त्याचं कामच तसं होतं. कंपन्या कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी हेडसेट काढतात ना, ते हा बाजारात यायच्या आधी कानाला लावून बघायचा आणि एका वेबसाइटवर लिहायचा, हा घ्या, हा घेऊ नका. महिन्याला दोन-तीन खोकी त्याच्या नावाने यायची. मी म्हणायचो, लेका, लोक काम करून दमतात आणि तुला खेळायचे पैसे मिळतात. तो हसायचा. त्या दिवशी मात्र हसला नाही. सही केली, खोकं काखोटीला मारलं आणि निघाला. मी मागून हाक मारली, पेन विसरलास म्हणून. त्याने वळून पाहिलंच नाही. मला वाटलं, घाईत असेल.

घाई नव्हती. त्याला ऐकूच आलं नव्हतं. मी त्याच्या डाव्या बाजूला होतो.

जानेवारीत त्याला ताप आला होता. आठ दिवसांनी ताप गेला आणि जाताना डावा कान घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगून टाकलं की आतली नस मेली आहे, आता तो कान परत येणार नाही. आता तुम्हीच सांगा, स्वयंपाक्याची जीभ गेली तर तो कुणाला सांगेल? यानेही सांगितलं नाही. संपादकाला नाही, मित्रांना नाही. बायकोलाही नाही. ती हॉस्पिटलात नर्स, अर्धे दिवस रात्रपाळी, तिच्या डोक्याला आणखी एक घोर कशाला, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं कारण भीती होती. त्या नोकरीवर घर चालत होतं.

आणि काम निभावायला त्याने एक युक्ती काढली होती. ती नीट ऐका.

हे सराउंड हेडसेट दिशा दाखवतात. खेळात शत्रू मागून आला तर आवाज मागून आल्यासारखा वाटला पाहिजे. ते तपासायची कानसेनची स्वतःची पद्धत होती. एका खेळात रिकामं गोदाम आहे. तिथे तो स्वतः मधोमध उभा राहायचा आणि कॉम्प्युटरचा एक शिपाई आपल्याभोवती फिरत ठेवायचा. मग डोळे मिटायचे, पावलं ऐकायची आणि घड्याळाच्या आकड्यात वहीत लिहायचं. समोर म्हणजे बारा. उजवीकडे तीन. पाठीमागे सहा. डावीकडे नऊ. नंतर रेकॉर्डिंग बघून आपले आकडे किती बरोबर आले ते मोजायचं. हेडसेट चांगला असेल तर बारापैकी दहा तरी बरोबर यायचे.

कान गेल्यावर उजवी बाजू तशीच जमायची. डाव्या बाजूसाठी तो हेडसेट उलटा घालायला लागला. डावीकडची वाटी उजव्या कानावर. एका कानाने आधी एक बाजू ऐकायची, मग दुसरी, आणि अंदाजपंचे आकडे जुळवायचे. असे अकरा हेडसेट त्याने लिहून टाकले. बाराव्याच्या आधी एका वाचकाने तक्रार केली की तुम्ही नावाजलेल्या हेडसेटची डावी बाजू अगदीच मंद आहे. संपादकाने फोन करून विचारलं, "कान ठीक आहेत ना रे तुझे?" हा म्हणाला, "ठणठणीत." संपादक म्हणाला, "मग सोमवारी सकाळपर्यंत हा नवा दे. नीट बघून दे." 

घरी अजून एक होती, सहा वर्षांची मुलगी. तिची एक सवय होती. झोपायच्या आधी बाबाच्या कानात गुपित सांगायचं, मगच डोळे मिटायचे. तिचा पलंग भिंतीला लागून. हा कडेला बसायचा तेव्हा तिच्याकडे डावा कान यायचा. ती दोन्ही हातांचा द्रोण करून त्या कानात कुजबुजायची. याला नुसता ऊबदार श्वास लागायचा. शब्द एकही नाही. उजवा कान पुढे केला असता तर पोरीने विचारलं असतं की का, आणि पोरीने विचारलं म्हणजे ते आईपर्यंत गेलंच. म्हणून हा हसायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "हो. झोप आता." पोरांच्या गुपितात असून असून काय असणार? दहा महिने, रोज रात्री, तो हो म्हणत होता.

त्या शनिवारीही म्हणाला. बायको कामावर गेली होती. मुलीने नेहमीपेक्षा जरा लांबलचक काहीतरी सांगितलं, मग मागे सरून याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा म्हणाला, "हो. झोप आता." तिने शहाण्यासारखे डोळे मिटले.

साडेअकराला तो खोलीत टेबलाशी बसला. पाठ दाराकडे. खोकं फोडलं. वजन केलं, चष्म्याच्या काड्यांवर दाब येतो का ते पाहिलं, माइकमध्ये दोन वाक्यं बोलून ऐकली. वाट्या इतक्या घट्ट बसत होत्या की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही बंद झाली. माल चांगला होता. त्याने वही उघडली, गोदाम सुरू केलं आणि हेडसेट सरळ घातलेला असतानाच, उजव्या बाजूपासून सुरुवात करावी म्हणून, डोळे मिटले.

पावलं आली.

नऊ वाजता.

त्याने डोळे उघडले नाहीत. हात तसाच वहीवर. डाव्या कानात, अगदी स्वच्छ, पाऊल वाजलं होतं. जड बुटाचं, सिमेंटवरचं. मग दुसरं. दहा महिने त्या बाजूला जग नव्हतं, आणि आता तिथे कुणीतरी चालत होतं. त्याला रडू फुटलं. मोठा माणूस, खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. कान परत आला, डॉक्टर चुकले, आता कुणाला काही सांगायला नको, उद्या रात्री पोरीचं गुपित ऐकू येईल... असं सगळं एकदम मनात आलं.

खात्री करायला त्याने हेडसेट काढला आणि डाव्या कानाशी टिचकी वाजवली.

काहीच नाही.

पुन्हा घातला. पावलं होती. आठ वाजता. मग सात.

मग त्याचं स्क्रीनकडे लक्ष गेलं. गोदाम रिकामं होतं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, शिपाई बंद. शिपाई सुरू करायचा तो विसरलाच होता.

पावलं सहावर येऊन थांबली. बरोबर पाठीमागे.

त्याने वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. दार अर्धवट उघडं, बाहेर पॅसेजमध्ये अंधार. तो स्वतःवरच चिडला. काहीतरी रेकॉर्डिंग वाजत असणार म्हणून त्याने आवाजाचं बटण पार खाली आणलं. शून्यावर.

आणि डाव्या कानात कुणीतरी श्वास घेतला.

ऊबदार.

"बाबा, मी शाळेतली पेन्सिल चुकून घरी आणली. आईला नको हं सांगूस."

मुलीचा आवाज. आणि त्यामागोमाग त्याचा स्वतःचा. "हो. झोप आता."

 पेन्सिलीचं प्रकरण त्याला आठवत होतं, शाळेतून चिठ्ठी आली होती. फेब्रुवारीत. म्हणजे हे तेव्हाचं. मग दाताचं. मग मैत्रिणीशी झालेल्या भांडणाचं. एकेक गुपित येत होतं, आणि प्रत्येकाच्या शेवटी त्याचं ते "हो". त्याला भीती वाटायला हवी होती, पण त्याने मला खरं सांगितलं, पहिली पाच-सहा गुपितं ऐकताना त्याला फक्त आनंद झाला. जे हरवलं होतं ते कुणीतरी जपून ठेवलं होतं, असं त्याला वाटलं.

मग पुढचं आलं.

"बाबा, तू खेळतोस ना, तेव्हा तुझ्या खुर्चीमागे एक काका उभे असतात. तुला माहितीये ना?"

"हो. झोप आता."

त्याच्या मानेवर काटा आला. वळायचा धीर होईना.

"बाबा, ते काका माझ्या खोलीत येऊन बसले तर चालेल?"

"हो. झोप आता."

"ते म्हणतात, तुला या कानाने ऐकूच येत नाही. खरंय?"

"हो..."

आपलाच आवाज. हसरा. लाडाचा.

"बाबा, त्यांना मी आवडते."

"हो."

"बाबा, ते आईला आवडणार नाहीत ना? मग मी तिला नाही सांगत."

"हो."

मग थोडा वेळ काहीच नाही... नुसता श्वास. आणि तो श्वास मुलीचा नव्हता. सावकाश होता. जाड होता.

मग तिचा आवाज. आजचा. सर्दीने जरा बसलेला, तासाभरापूर्वी होता तस्साच.

"बाबा, ते म्हणतात, आता घरात नाही खेळायचं. त्यांच्याकडे जायचं. आज रात्री, सगळे झोपले की. बाबाने हो म्हटलं तरच नेणार म्हणतात. मी जाऊ?"

त्याने हेडसेट ओरबाडून काढला. पण ते शेवटचं उत्तर त्याला ऐकू आलंच. हेडसेट हातात होता तरी आलं.

तो पळाला. पॅसेज. मुलीची खोली. दिवा लावला.

पलंग रिकामा.

पांघरूण नीट बाजूला केलेलं. कुणी हाताने उचलून ठेवावं तसं.

तेवढ्यात उजव्या कानाला गार वारा लागला. घराचं दार उघडं होतं. वरची कडी काढलेली. त्या कडीला हा स्वतः टाचा उंचावून हात पुरवायचा.

ती उंबऱ्याबाहेर उभी होती. जिन्यातल्या दिव्यात. नाइटी, त्यावर स्वेटर, पायात शाळेचे बूट. पाठ याच्याकडे. आणि तिचा उजवा हात वर होता. सरळ, खांद्याच्याही वर. मोठ्या माणसाचं बोट धरल्यावर पोरांचा हात असतो, तसा.

पुढे जिना होता. अंधार होता. दुसरं कुणी नव्हतं.

"बाळा," तो म्हणाला.

तिने वळून पाहिलं. डोळे उघडे होते. "तू हो म्हणालास," ती म्हणाली.

"मला ऐकू नाही आलं."

"रोज हो म्हणतोस."

"मला ऐकू येत नाही बाळा. तो कान गेलाय माझा. खूप दिवस झाले... मी कुणाला सांगितलं नाही. तू काय बोललीस ते मला एकदाही कळलं नाही. मी खोटं हो म्हणत होतो." तो गुडघ्यांवर बसला होता. मग तिच्या डोक्यावरून, त्या अंधाराकडे बघून, तो मोठ्याने म्हणाला, "नाही. मी नाही म्हणतो. ऐकलंस? नाही."

काहीच झालं नाही.

जिन्यातला दिवा एकसारखा जळत होता. तिचा हात तसाच वर.

मग तो हळूहळू खाली आला. एकदम पडला नाही. कुणीतरी बोट सैल करावं, पण मनात नसताना करावं, तसा आला.

त्याने तिला उचललं, दार लावलं, समोर खुर्ची लावली, आणि सकाळी बायको येईपर्यंत तिला मांडीवर घेऊन बसून राहिला. बायकोने बेल वाजवली तेव्हा त्याने आधी तीनदा नाव विचारलं.

बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली, रडली, पुन्हा रागावली. सोमवारी संपादकालाही सांगितलं. तो माणूस तसा भला निघाला, आता कानसेन खुर्च्या आणि कीबोर्ड तपासतो. पगार कमी झाला, पण घर चालतं. मुलगी बरी आहे. तिला विचारलं तर म्हणते, ते काका आता येत नाहीत. पलंग त्यांनी समोरच्या भिंतीला सरकवलाय, आता तिच्याकडे बाबाचा उजवा कान येतो.

हेडसेट परत करायला तो माझ्याकडेच आला. खोकं काउंटरवर ठेवलं आणि मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, पोर झोपेत चालली असेल, तुझं मन तुला खात असेल, होतं असं. तो म्हणाला, मलाही तसंच वाटावं अशी फार इच्छा आहे. मग खिशातून कागदाची पुडी काढली.

आत बुटाच्या दोन नाड्या होत्या. गाठी तशाच ठेवून खालून कात्रीने कापलेल्या.

तिला बुटाच्या नाड्या बांधता येत नाहीत, तो म्हणाला. अजून शिकलेली नाही, रोज मीच बांधून देतो. त्या रात्री मी बूट काढायला गेलो तर दोन्ही नाड्या बांधलेल्या होत्या. सुटेनात. शेवटी कापल्या. तू जन्मभर पार्सलं बांधलीस. बघ जरा, ही कसली गाठ आहे.

मी चष्मा लावला. दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिली. एकतीस वर्षं मी सुतळीत हात घातलाय, गाठ बघून बांधणारा कुठल्या गोदामातला ते सांगतो. ही गाठ मला कळली नाही. कुठून सुरू झाली तेच सापडेना. नखाने ओढून पाहिलं, दाभण घालून पाहिलं.

एवढं मात्र दिसलं की कुणी घाईघाईने बांधलेली नव्हती. दोन्ही पायांची अगदी सारखी, सावकाश, मन लावून बांधलेली होती. चालताना पोर अडखळू नये म्हणून.